तात

मानवतच्या जिनिंगा मार्चात थकतात
आणि साडेअकरानंतर गावात
फक्त ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो.
त्याचा सूर मी मोजलाय,
पांढरी पाचच्या केसभर वर.
तारेतून, भिंतीतून, हेडफोनच्या वायरीतून
तो येतोच.
त्यालाच सा मानलं की भांडण मिटतं.
म्हणून माझे सगळे ट्रॅक पांढरी पाचमध्ये.

खोली म्हणजे दुकानामागची कोठी.
भिंतींना अब्बांच्या गाद्या,
हुंड्यात आलेल्या, बाळंतपणात भिजलेल्या,
गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही अशा.
कोपऱ्यांत कापसाची पोती.
बास तिथे जाऊन निमूट बसतो.
कंपनीचा फोम मी फक्त फोटोत पाहिलाय.

वेग एकशे अडतीस.
आठ मिनिटं.
एकच पडदा इतक्या हळू उघडायचा
की ऐकणाऱ्याला वाटावं,
आपलेच कान उघडतायत.
सहा महिने मी एवढंच करतोय.
दिवसा सेवा केंद्रात उत्पन्नाचे दाखले काढतो,
लोकांची बोटं मशीनवर दाबून धरतो.
झिजलेली बोटं, उमटत नाहीत.

पण ठोका बसत नव्हता.
स्क्रीनवर चिरेबंद,
कानात चिखल.
पिठाच्या डब्याचं झाकण रेकॉर्ड केलं,
मांडीवरची थाप,
शटर पडतानाचा धप्प.
एकाखाली एक घातले, काढले, परत घातले.

अब्बा पाणी प्यायला उठले होते.
दारात थांबले, बनियनवर.
"ह्याच्यात गाणं कवा सुरू होतंय?"
"हेच गाणं हाय."
"हां," म्हणाले,
आणि गेले नाहीत.

मशीन आल्यापासून त्यांचे कान निम्मे गेलेत.
पिंजायची कमान अजून खिळ्याला आहे,
तिची तात उंदरांनी खाल्ली.
ते वाकले. स्पीकरच्या पडद्यावर तळवा ठेवला,
पिंजलेल्या ढिगावर ठेवतात तसा,
कुठे गाठ राहिली का बघायला.
चार ठोके. आठ. सोळा.
मधे माझी धून आली, आभाळभर,
जिच्यावर मी अख्खा श्रावण घालवला.
ती त्यांच्या हाताला लागली नाही.

"ढिली हाय."
"काय?"
"तात. पहिला ठोका सरायच्या आत दुसरा घालतूस.
कापूस उडतच न्हाई,
नुसता लोळतोय."

मी ठोक्याची शेपूट कापली.
चाळीस मिलिसेकंद. मग अजून दहा.
बासला सांगितलं,
तो आला की बैस,
तो गेला की ऊठ.
ट्यूबलाइटखाली तंतू वर आले,
पोत्यातून,
की मला तसं दिसलं.
अब्बांनी हात काढला नव्हता.
दुसरा हात हवेत होता, दस्ता धरल्यासारखा,
ते त्यांना माहीत नसावं.

फाईल काढताना एक्क्याण्णव टक्क्यांवर लाईट गेली.
यूपीएस मागच्या उन्हाळ्यात फुगून मेलाय.
ट्रान्सफॉर्मरही गप्प.
इतकं मुकं मानवत मी कधी ऐकलं नव्हतं,
सा कुठे ठेवला होता आठवेना.

भिंतीपलीकडून आवाज आला,
"मुबीन, झालं का तुझं?"
"नाव राहिलंय."
"मोंढ्यातल्या झरकरांची डबल गादी हाय उद्या,
बारा किलो.
ती लिहून ठेव आधी."

तीन दहाला लाईट आली.
मी नावाच्या चौकटीत टाइप केलं,
डबल, बारा किलो.
मग परत शून्य टक्क्यांपासून,
आणि खिडकीबाहेर तो
केसभर चढलेला.